चूल आणि चळवळ

मराठी मध्यमवर्गाच्या घरांत पूर्वीं दोन प्रकारचे कागद वर्षानुवर्षें जपून ठेवीत असत: वर्तमानपत्रांचे निवडक अंक आणि रोजखर्चाच्या वह्या. अंकांत कोणाची शिक्षा, कोणाची सुटका, कोठली परिषद, कोणाचें निधन. वह्यांत तेल, गूळ, सुपारी, मुलाची फी, सुईणीस लुगडें. इतिहास लिहिणारांनीं बहुधा पहिला कागद उघडला व दुसरा रद्दींत घातला. हें स्वाभाविक असलें तरी शहाणपणाचें नव्हे. ज्या दिवशीं वहींतून 'साखर' जाऊन तेथें 'गूळ' येतो, त्या दिवशीं राजकारणानें घराचा उंबरठा ओलांडलेला असतो. आणि ही नोंद कोणत्याहि सभेच्या वृत्तांतापेक्षां अधिक विश्वासाची मानावी, कारण सभेंत टाळी वाजविण्यास पैसा पडत नाहीं.

राजकारण घरांत कसें येतें आणि घर राजकारणांत केव्हां जातें, हे दोन प्रश्न नेहमीं एकच समजले जातात. वस्तुतः ते निराळे आहेत. कधीं चळवळ घराकडे कांहीं मागते: अमुक जिन्नस टाका, अमुक कापड जाळा, अमुक दिवशीं उपाशी रहा. कधीं घरच चळवळीकडे मागणें घेऊन जातें: पाणी द्या, मीठ द्या, तेल परवडेल असें करा. आमच्या प्रांताचा गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांचा अनुभव पाहतां पहिल्या जातीच्या चळवळींचा गाजावाजा अधिक झाला, पण दुसऱ्या जातीच्या चळवळी समाजांत अधिक खोल उतरल्या, असें मला वाटतें. दोहोंचा खर्च मात्र एकाच व्यक्तीच्या खातीं पडला.

आरंभ चहाच्या पेल्यापासून करूं. ता. ४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका समारंभास शहरांतील नामांकित मंडळी जमली होती. चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसता पेला हातांत घेऊन खालीं ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांना असल्या खोड्यांची भारीच हौस. त्यांच्या करणीनें हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आलीं आणि शहरांत ग्रामण्य उभें राहिलें. टिळक, रानडे, गोखले या सर्वांचीं नांवें त्यांत होतीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन चौकशी झाली व प्रायश्चित्तें सांगण्यांत आलीं.

हा प्रसंग सुधारक-सनातनी वादांतील एक गंमत म्हणून सांगण्याची रीत पडली आहे. परंतु ग्रामण्याचा मार बसतो कोठें? व्यासपीठावर तो बसत नाहीं. भटजी श्राद्धास येत नाहींत, आचारी मिळत नाहीं, मुंजीचा मुहूर्त टळतो, लग्न झालेली लेक माहेरीं येऊं शकत नाहीं. वक्त्याचें भाषण दुसऱ्या दिवशीं जसेंच्या तसें चालू राहतें. थांबतो तो घरांतला व्यवहार. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें तें मित्रांच्या घरची कोंडी पाहून घेतलें, आणि त्याबद्दल त्यांच्याच अनुयायांनीं त्यांना कडक दोष दिला. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या, त्यांत हें प्रकरण आलें आहे. तत्त्वाच्या दृष्टीनें टीकाकारांचें म्हणणें बरोबर असेल. पण त्या टीकाकारांपैकीं किती जणांच्या स्वयंपाकघरांत ग्रामण्य शिरलें होतें, हें विचारण्यासारखें आहे.

घराकडे मागणाऱ्या चळवळींत स्वदेशी ही सर्वांत मोठी. तिचें बीज पुण्यांत बरेंच आधीं पडलें होतें. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास हातकताईच्या खादीचा पोषाख करून गेले, तेव्हां गांधी हे राजकोटास शाळेंतहि गेले नव्हते. परंतु एका गृहस्थाचा पोषाख ही गोष्ट वेगळी आणि हजारों घरांचें वाणसामान बदलणें वेगळें. तें घडलें १९०५ सालीं, वंगभंगाच्या निमित्तानें.

त्या वर्षीं ता. १६ ऑक्टोबरला फाळणी अंमलांत आली. बंगाल्यांत त्या दिवशीं 'अरंधन' पाळलें गेलें, म्हणजे घरोघर चूल पेटविली नाहीं. ही कल्पना रामेन्द्रसुंदर त्रिवेदी यांची. ते विज्ञानाचे अध्यापक आणि बंगाली निबंधकार. त्यांनीं बायकांनीं वाचावी म्हणून व्रतकथेच्या घाटाची 'बंगलक्ष्मीर व्रतकथा' ही लिहिली. यांतील धोरण वाखाणण्यासारखें आहे. आमच्याकडे शीतळासप्तमीस चूल पेटवीत नाहींत. थंड अन्न खाण्यामागें कांहीं श्रद्धा आहे हें घरांतल्या लहान मुलालाहि ठाऊक असतें. निषेधाचा ठराव ज्या बाईला समजला नसता, तिला न पेटलेल्या चुलीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. राजकारणाला घरांत शिरावयाचें असेल तर घराचीच भाषा बोलावी लागते, हें त्या विद्वानानें ओळखलें होतें.

पुण्यांत त्याच महिन्यांत परदेशी कापडाची होळी पेटली. तींत पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहांतून बाहेर पडावें लागलें व दहा रुपये दंड झाला. होळीच्या ज्वाळा सर्वांना आठवतात. मला त्यापेक्षां अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड अधिक मोलाचा वाटतो. घरोघरून एकेक पैसा मागून जमलेल्या त्या फंडांतून तळेगांवास १९०८ सालीं काचेचा कारखाना निघाला. पुढें ओगलेवाडीच्या 'प्रभाकर' कंदिलानें महाराष्ट्रांतल्या किती ओट्यांवर व गोठ्यांत उजेड पाडला, हें जुन्या माणसांना सांगणें नलगे. जाळण्यापेक्षां करणें अवघड, आणि घराला अखेर कंदील लागतोच.

परंतु स्वदेशीची मर्यादाहि घरानेंच दाखवून दिली. जाळावयास परदेशी लुगडें आधीं पेटींत असावें लागतें. ज्या बाईजवळ लुगडीं दोन, एक अंगावर आणि दुसरें दोरीवर वाळत, तिनें होळीस काय द्यावें? देशी माल जाडाभरडा आणि बहुधा महाग. तो घेणें हें ज्याच्या हातीं महिनाअखेर चार रुपये उरत त्याला व्रत होतें, ज्याच्या हातीं उरत नसत त्याला दंड होता. रवीन्द्रनाथांनीं चळवळींत पहिल्यानें हिरीरीनें भाग घेतला आणि मग तिच्यापासून अंग काढलें. त्यांची 'घरे-बाइरे' ही कादंबरी १९१६ सालीं पुस्तकरूपानें आली. तींतला जमीनदार निखिलेश स्वतः देशी माल वापरतो, पण आपल्या बाजारांतला गरीब विक्रेत्यांचा परदेशी माल बंद करावयास तयार होत नाहीं, आणि त्यासाठीं देशद्रोही ठरतो. हा आक्षेप त्या काळीं अनेकांना रुचला नाहीं. आज तो खोडून काढणें मला तरी कठीण दिसतें.

घर स्वतः मागणें घेऊन बाहेर पडतें तेव्हां काय होतें, तें पाहावयाचें असेल तर महाडास गेलें पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला. पुढल्याच वर्षीं महाड नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस मोकळें असल्याचें ठरविलें. परंतु कागदावरचें हें मोकळेपण कोणाच्याहि घागरींत उतरलें नाहीं. पाणी हा विषय सभेंत हक्काचा असतो. घरांत तो कमरेचा आणि मानेचा असतो. तळें डोळ्यांसमोर असतां लांबच्या झऱ्यावर जाणें म्हणजे दररोज किती खेपा, हें ज्या बायका त्या खेपा घालीत त्यांनाच ठाऊक. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व परिषदेस जमलेले लोक तळ्याशीं गेले व त्यांनीं पाणी घेतलें. त्यानंतर गांवांत हाणामारी झाली. जमावानें परिषदेच्या मांडवांत शिरून तेथें शिजलेलें अन्नहि मातींत मिसळलें. मागाहून तळ्यांत पंचगव्य घालून तें 'शुद्ध' करण्यांत आलें. पाण्यासाठीं आलेल्यांचें जेवण तुडवावें, ही बुद्धि कोणत्या धर्माची, हें ज्याचें त्यानें ठरवावें. तळ्याचा खटला उच्च न्यायालयांत निकालास लागावयास १९३७ चा मार्च उजाडला.

त्याच वर्षीं डिसेंबरांत महाडास दुसरी परिषद भरली. मनुस्मृतीचें दहन झालें तें याच वेळीं. त्या दहनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे आंबेडकरांनीं स्त्रियांपुढें मुद्दाम वेगळें केलेलें भाषण. लुगडें कसें नेसावें, अंगावर कथलाचे व पितळेचे जड दागिने कां घालूं नयेत, घर स्वच्छ कसें ठेवावें, मेलेल्या जनावराचें मांस घरांत कां येऊं देऊं नये, मुलींना शाळेंत कां घालावें, असे त्याचे विषय होते. वरकरणी पाहणाऱ्यास हा गृहिणींना केलेला किरकोळ उपदेश वाटेल. तसें तें नव्हतें. गुडघ्यावर नेसलेलें लुगडें व विशिष्ट दागिने यांवरून बाई कोणत्या जातीची हें दहा पावलांवरून ओळखूं यावें, अशी समाजाची व्यवस्था होती. जात कपाळावर लिहिलेली नसली तरी पोटऱ्यांवर दिसे. दुसऱ्या दिवशीं पुष्कळ बायका घोट्यापर्यंत लुगडें नेसून वावरतांना दिसल्या. एका रात्रींत नेसण बदललें. ज्यांनीं तें बदललें त्यांचीं नांवें फार थोडीं उरलीं आहेत. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं १९८९ सालीं 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला नसता तर आंबेडकरी चळवळींतील कितीतरी स्त्रियांची हकीकत तेवढीहि उरली नसती.

मिठाची गोष्ट अधिक परिचित आहे, पण तिच्यांतहि लक्ष न गेलेल्या जागा आहेत. १९३० सालीं मिठावरील सरकारी कर मणास सव्वा रुपया होता. गांधींनीं सत्याग्रहासाठीं मीठ निवडलें तेव्हां पुढाऱ्यांपैकीं अनेकांना तें हास्यास्पद वाटलें. कोठें लाहोरचा पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव आणि कोठें चिमूटभर मीठ! व्हाइसरॉय अर्विन यांनीं तर विलायतेस कळविलें कीं, मिठाच्या या बेतानें आपली झोप अजून तरी उडालेली नाहीं. स्वयंपाकघरांत ज्याला कधीं पाऊल टाकावें लागलें नाहीं त्याला असें वाटणें साहजिक आहे. हात आखडला म्हणजे बासमतीचा जाडा तांदूळ होतो, तुपाचें तेल होतें, तेलाचें पुढें कांहींच होत नाहीं. पण मीठ कमी करतां येत नाहीं. पानांत भाकरीबरोबर दुसरें कांहीं नसलें तरी तें असतें. असा जिन्नस नेमका कोणता, हें ओळखण्यास राजकारण्याच्या बुद्धीइतकाच संसारी माणसाचा डोळा लागतो, आणि गांधींना तो होता.

एवढें असूनहि ता. १२ मार्चला साबरमतीहून जी तुकडी निघाली तींत एकहि स्त्री नव्हती. स्त्रियांनीं दारूच्या व परदेशी कापडाच्या दुकानांवर पिकेटिंग करावें, तें काम त्यांच्या स्वभावास अधिक साजेल, असें गांधींचें मत होतें व 'यंग इंडिया'च्या ता. १० एप्रिलच्या अंकांत त्यांनीं तें लिहिलेंहि. मीठ रोज हाताळणारीनेंच मिठापासून दूर राहावें, हा विचार विचित्र होता. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीं गांधींना गांठून याविषयीं वाद घातला व संमति मिळविली. मुंबईंत कायदा मोडण्यासाठीं प्रथम निवडलेल्यांत कमलादेवींबरोबर होत्या अवंतिकाबाई गोखले. अवंतिकाबाईंची ओळख आजच्या वाचकांस करून दिली पाहिजे. चंपारणांत गांधींच्या हाताखालीं काम केलेल्या, १९१८ सालीं हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या आणि त्याच वर्षीं गांधींचें मराठी चरित्र लिहिणाऱ्या या बाई. दरवर्षीं गांधींच्या वाढदिवसास स्वतः कातलेल्या सुताचें धोतर पाठविण्याचा नेम त्यांनीं चालविला होता.

त्या एप्रिलांत चौपाटीवर जें दृश्य दिसलें तें मुंबईनें पूर्वीं पाहिलेलें नव्हतें. बायका घागरी, कळशा, तांबे घेऊन समुद्रांत उतरल्या, खारें पाणी घरीं नेऊन त्यांनीं चुलीवर आटविलें. काँग्रेस हाउसच्या गच्चीवर खाचरें बांधून मीठ पिकविण्यांत आलें व पोलिसांनीं त्यांवर धाडी घातल्या. कमलादेवींनीं मिठाच्या पुड्या थेट शेअरबाजारांत नेऊन विकल्या. पुढें मे-जूनमध्यें वडाळ्याच्या मिठागरांवर आणि तिकडे कोंकणांत शिरोड्यास सत्याग्रह झाले. लाठीमार, तुरुंग, नांवें, आंकडे हें सर्व नोंदलेलें आहे. मला वाटतें तें इतकेंच कीं, या सर्व प्रकरणांत सर्वांत नवी गोष्ट घरांतली चूल ही होती. त्या दिवसापर्यंत कायदा मोडावयास माणसाला घराबाहेर पडावें लागे. आतां आमटीच्या पातेल्याशेजारीं दुसरें पातेलें ठेवलें कीं कायदा मोडला. पोलिसानें घरांत शिरून कोणतें पातेलें उतरवावें? सागराच्या पाण्याचें असें आटविलेलें मीठ मळकट व कडसर निघतें, आणि सरकारी मीठ त्याहून कितीतरी पांढरें होतें. तरीहि तें खाल्लें गेलें.

देशसेविकांच्या केशरी लुगड्यांची रांग परदेशी कापडाच्या दुकानांपुढें उभी राहूं लागली, पहाटेच्या प्रभातफेऱ्या निघूं लागल्या, हें सर्व याच वर्षांतलें. येथें एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे. ज्यांच्या घरीं आचारी होता किंवा कामाला वाकणारी सासू-जाऊ होती, त्यांना केशरी लुगडें नेसणें सोपें गेलें. तुरुंगांत गेलेल्या बाईच्या मागें तिचीं मुलें कोणी जेवूं घातलीं, हा प्रश्न सत्कारसभेंत निघत नसे. पुरुष तुरुंगांत गेला तर घर 'त्यागी' ठरे. बाई गेली तर घर 'उघडें' पडे. भाषेंतला हा फरक पुष्कळ कांहीं सांगून जातो. मीठकर मात्र लगेच उठला नाहीं. मार्च १९३१ च्या गांधी-अर्विन करारानें किनाऱ्यावरील खेडुतांस स्वतःपुरतें मीठ जमविण्याची मोकळीक मिळाली. कर पूर्ण गेला तो १९४७ सालीं.

बेचाळिसाच्या धामधुमीविषयीं थोडक्यांत सांगतों. साताऱ्याकडील प्रतिसरकार १९४३ ते १९४६ पर्यंत टिकलें, त्यांत बंदुकांचा वाटा होताच. पण रात्रीं-अपरात्रीं दार ठोठावणाऱ्या भूमिगतास भाकरी थापून देणाऱ्या घरांचा वाटा त्याहून लहान नव्हता. याच सरकारनें थोड्या खर्चाच्या 'गांधी-विवाहां'ची पद्धति पाडली. कर्ज काढून लग्न करण्याची सक्ति ज्या राजवटीनें प्रथम उठवूं पाहिली, तिला संसार कळत होता. उलट मुंबईंत १९४३ च्या मे महिन्यांत रेशनिंग सुरू झालें आणि सरकार कायमचें वाण्याच्या दुकानांत येऊन बसलें. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडण्याची विनंती केली, तेव्हां सोमवारीं संध्याकाळीं हॉटेलेंहि बंद राहूं लागलीं. आमच्या बऱ्याच घरांत सोमवारचा उपास महादेवाच्या नांवानें चालू होताच. पंतप्रधानांचें काम तेवढें हलकें झालें.

मग १९७२ साल आलें. महाराष्ट्रांत पावसानें दगा दिला. खेड्यांतून माणसें खडी फोडावयास दुष्काळी कामांवर गेलीं. रेशनच्या दुकानांत 'मिलो' नांवाची परदेशी तांबडी ज्वारी आली, तिची भाकरी ज्यांनीं खाल्ली ते तिचें नांव अजून विसरलेले नाहींत. शहरांत गोडें तेल, साखर, रॉकेल यांच्यासाठीं रांगा लागल्या. अशा वेळीं मुंबईंत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति उभी राहिली. मृणाल गोरे व प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी कम्युनिस्ट. यांचे पक्ष एरव्हीं एका मांडवाखालीं बसावयास तयार नसत. पण तेलाचा भाव सर्व पक्षांच्या घरांत सारखाच होता. मृणालताईंना गोरेगांवांत पाण्याच्या लढ्यामुळें 'पाणीवाली बाई' हें नांव आधींच पडलें होतें. तें उपहासानें पडलें नव्हतें, आणि कोणत्याहि पदवीपेक्षां तें वजनदार होतें.

या बायकांनीं हातांत घेतलें लाटणें. दुसऱ्या हातांत थाळी. व्यंगचित्रांतून व विनोदी कथांतून लाटणें घेऊन दारांत उभी असलेली बायको मराठी वाचकाच्या पिढ्यानपिढ्या परिचयाची. त्यावर किती हशा पिकविला गेला असेल याला सुमार नाहीं. तो सगळा हशा या बायकांनीं एका दुपारीं रस्त्यावर आणून सरकारच्या दारांत ठेवला. मंत्र्यांना घेराव पडले. हजारों थाळ्यांच्या नादापुढें भाषण करणें कोणालाहि जमणारें नव्हतें, आणि बायकांना भाषण ऐकावयाचेंहि नव्हतें. त्यांना भाव ऐकावयाचा होता. शेजारीं गुजराथेंत तर याहून विलक्षण प्रकार घडला. १९७३ च्या डिसेंबरांत अहमदाबादच्या एल्. डी. इंजिनिअरिंग कॉलेजांतील विद्यार्थी खाणावळीचे दर वाढले म्हणून उठले, त्या ठिणगीचें नवनिर्माण आंदोलन झालें, आणि फेब्रुवारी १९७४ त चिमणभाई पटेल यांचें मंत्रिमंडळ गेलें. जेवणाच्या बिलानें सरकार पाडल्याचें असें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१९७५ च्या आणीबाणींत मृणालताई भूमिगत झाल्या व पुढें पकडल्या गेल्या. १९७७ च्या निवडणुकींत त्या आणि अहिल्याताई दोघीहि मुंबईंतून लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी रायबरेलींत पडल्या, आणि पाणीवाली बाई दिल्लींत व दिल्लीवाली बाई पाण्यांत, अशी हिंदी घोषणा मुंबईच्या भिंतींवर उमटली. हा विजय खराच होता. पण मोर्चांतून घरीं आलेल्या लाटण्याचें काय झालें, हेंहि पाहिलें पाहिजे. त्याच संध्याकाळीं त्यावर पोळ्या लाटल्या गेल्या, आणि त्या बहुतेक घरांत त्याच हातांनीं लाटल्या. स्वयंपाकघरानें आपलें हत्यार राजकारणास उसनें दिलें. राजकारणानें तें वापरून जसेंच्या तसें परत केलें. महागाईविरुद्ध घोषणा देणाऱ्या कोणत्याहि पक्षानें, घरीं पोळ्या कोणी लाटाव्या हा विषय आपल्या जाहीरनाम्यांत घेतल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

लाटण्याची ही कहाणी गिरणगांवांत आणखी एक वळण घेते. कोंकणांतून व घांटावरून आलेला कामगार मुंबईंत एकटा राही. त्याचें जेवण खाणावळवालीकडे. दहा फुटांच्या खोलींत नवऱ्यामुलांचा संसार संभाळून दहा-वीस पुरुषांना दोन वेळा वाढणारी ही बाई कोणत्याहि युनियनची सभासद नव्हती. कामगार पगार झाल्यावर पैसे देई, म्हणजे महिनाभर तिनें त्याला उधार घातलेलें असे, आणि त्यासाठीं ती स्वतः वाण्याकडून व सावकाराकडून भारी व्याजानें उचल करी. संप झाला कीं काय होई? कामगाराचा पगार बंद, पण त्याची भूक चालू. तिनें वाढणें थांबविलें असतें तर संप आठवड्यांत मोडला असता. तिनें बहुधा थांबविलें नाहीं. अंगावरचें सोनें गहाण गेलें, वहींतली उधारी वाढत गेली. गोवामुक्तीच्या लढ्यांतून आलेल्या प्रेमा पुरव यांनीं हें पाहिलें आणि १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळवून दिलें. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधींच रीतसर मागें घेतला गेला नाहीं. कामगार गांवीं परतले. त्यांतल्या कितीकांची बाकी खाणावळवालीच्या वहींत तशीच राहिली. त्या संपावर ग्रंथ झाले, नाटकें झालीं, चित्रपट झाले. या बाक्यांची बेरीज कोणी केलेली नाहीं.

अलीकडे चुलीचे हात क्वचित् बदललेले दिसतात. २०२० च्या नोव्हेंबरांत पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर सिंघू व टिकरी येथें येऊन बसले, तेथें ट्रॉल्यांशेजारीं रोट्या लाटणारे पुष्कळसे पुरुष होते. गुरुद्वाराच्या लंगराची जुनी संवय त्यांना कामास आली. पुढल्या जानेवारींत सरन्यायाधीशांनीं, स्त्रियांना व वृद्धांना आंदोलनांत कां ठेवलें आहे, असा प्रश्न केला. त्यावर आम्ही येथें कोणाच्या सोबतीला आलेल्या नसून स्वतः शेतकरी आहोंत, असें तेथील बायकांनीं उत्तर दिलें व ता. १८ जानेवारीस महिला किसान दिवस पाळला. कायदे त्याच वर्षाच्या अखेरीस मागें घेण्यांत आले.

त्याआधीं तीन वर्षें आमच्याच प्रांतांत, ६ मार्च २०१८ रोजीं, नाशकाहून हजारों शेतकरी व आदिवासी मुंबईकडे पायीं निघाले. वनजमिनीचा हक्क व कर्जमाफी हीं त्यांचीं मुख्य मागणीं. सुमारें १८० किलोमीटरची वाट. तांदूळ, पीठ, सरपण बरोबर. मुक्कामीं तीन दगडांची चूल. त्यांत म्हाताऱ्या बायका पुष्कळ होत्या, आणि फुटलेल्या वहाणा व भेगाळून रक्ताळलेले तळवे यांचीं छायाचित्रें देशभर गेलीं. ता. ११ ला मोर्चा शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्कामास आला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथून आझाद मैदानापर्यंत जावयाचें होतें. परंतु मुंबईंत तेव्हां शालान्त परीक्षा चालू होती, आणि मोर्चानें रस्ते अडले तर दुसऱ्यांच्या घरच्या मुलांचा पेपर चुकला असता. दिवसभर चाललेल्या त्या माणसांनीं रात्रींच पुन्हां चालावयास सुरुवात केली. वाटेंत शहरांतल्या लोकांनीं बिस्किटें, पाणी व जुन्या चपला आणून दिल्या. उजाडण्यापूर्वीं सर्व मंडळी मैदानावर पोंचली होती, आणि परीक्षा ठरल्या वेळीं सुरू झाली.